फोडणीचा वास

एकदा एका देशाचे आरोग्यप्रमुख, निवृत्तीला अवघे नऊ दिवस उरले असताना, असे काही वागले की त्यांच्या लाडक्या शिष्याची मतीच गुंग झाली. चाळीस वर्षांच्या सेवेत या वृद्ध डॉक्टरांनी खेडोपाडी लस पोहोचवली होती, दोन साथी देशाच्या वेशीवरच अडवल्या होत्या. लोक त्यांना पदाने न ओळखता नुसते ‘मोठे डॉक्टर’ म्हणत. त्यांच्यानंतर ती खुर्ची शिष्याला मिळणार हे ठरलेलेच होते. शिष्य हुशार होता, कष्टाळू होता. फक्त कागदावर त्याचा जरा जास्तच विश्वास होता.

त्या सकाळी त्याने दोन प्रस्ताव सहीसाठी पुढे ठेवले. पहिला आंबेदरा गावाचा. तेथे सहा वर्षांत गोवराचा एकही रुग्ण नोंदला गेला नव्हता, म्हणून तेथील आरोग्यसेविकेचा मोठ्या डॉक्टरांच्या निरोपसमारंभात गौरव करायचा होता. दुसरा वडजाईचा. तेथल्या परिचारिका कौसल्याबाई ढवळे यांनी एकाच मोसमात गोवराचे सत्तेचाळीस रुग्ण कळवले होते. कामात हयगय केल्याबद्दल त्यांना निलंबित करावे, असे शिष्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते. बाईंच्या एकटीच्या पगारावर पाच माणसांचे घर चालते हे त्याला ठाऊक होते. पण नियम तो नियम.

मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही कागद वाचले. सही एकावरही केली नाही.

“गाडी काढायला सांग,” ते म्हणाले. “लस घे, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मात्रा घे आणि दोन डॉक्टर बरोबर घे.”

“वडजाईला ना, सर?”

“नाही. आंबेदऱ्याला.”

“पण सर, आजार वडजाईला आहे. आंबेदऱ्याला शून्य आहे, शून्य!”

“म्हणूनच तर,” असे म्हणून ते जिन्याकडे निघालेसुद्धा.

गाडीत शिष्य मनातून पार गोंधळला होता. साठी बुद्धी नाठी म्हणतात, आणि सर तर पासष्टीला टेकले होते. जिथे आग नाही तिथे पाण्याचा बंब घेऊन जाणाऱ्या माणसाला काय म्हणावे? बरे, विचारायची सोय नाही. सर खिडकीला डोके टेकून छान घोरत होते.

आंबेदऱ्याच्या वेशीवर ‘गोवरमुक्त गाव’ अशी ठसठशीत पाटी होती. रांगोळी काढलेली, हार आणलेले, सरपंचांचे भाषण पाठ झालेले. भाषण रंगात आले असतानाच मोठे डॉक्टर उठले आणि सरळ गल्लीत शिरले. शिष्य ओशाळून मागे धावला. अकरा वाजले होते, घराघरांत चुली पेटलेल्या होत्या. सर दर चार पावलांवर थांबत, नाक वर करत आणि पुढे जात.

“तुला कसला वास येतोय रे?” त्यांनी विचारले.

“शेणाचा. चुलीच्या धुराचा. भात शिजतोय वाटतं.”

“आणि कसला येत नाही?”

हा काय प्रश्न झाला! न येणाऱ्या वासांची यादी कुठे कोणाकडे असते? शिष्याने कपाळावरचा घाम पुसला आणि खरे तेच सांगितले, “सर, मला काही कळत नाही.”

एका ओट्यावर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. मोठे डॉक्टर तिच्या शेजारी टेकले.

“आजी, आज जेवायला काय?”

“दहीभात.”

“आणि काल?”

“कालबी त्योच.”

“फोडणी नाही घातली?”

म्हातारीने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. “घरात आई आलीया बाबा. फोडणी कशी द्यायची? तिला सोसत न्हाई.”

गोवराला खेड्यात देवी मानून ‘आई’ म्हणतात, हे आठवताच शिष्य वाकून घरात शिरला. आत अंधाऱ्या खोलीत, उशाशी कडुलिंबाचा डहाळा घेऊन, चारेक वर्षांची मुलगी पडली होती. अंगभर गोवर, डोळे चिकटलेले, छातीचा भाता झालेला. शेजारच्या घरातही तेच. पुढच्या घरातही. त्या एका गल्लीत नऊ चुलींवर फोडणी बंद होती.

“आजी,” मोठे डॉक्टर हात जोडून म्हणाले, “आईला राहू दे तुमच्याकडे. लेकरू तेवढं चार दिवस माझ्याकडे द्या.”

म्हातारीने त्यांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिले. मग तिने नातीच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले आणि तिला त्यांच्या हाती दिले.

दोन डॉक्टर घरोघर फिरले. आजारी मुलांना जीवनसत्त्वाच्या मात्रा मिळाल्या, धडधाकट मुलांना लस. तिघांना गाडीतून रुग्णालयात हलवले. गावची आरोग्यसेविका शेवंताबाई भिंतीला टेकून रडत होती.

“खोटं का लिहिलंत?” शिष्य कडाडला.

“माझ्या आधीच्या बाईंनी अकरा रुग्ण कळवले होते, साहेब. आठ दिवसांत त्यांची बदली झाली, पार डोंगरापल्याड. लहान लेकरू घेऊन गेल्या बिचाऱ्या. मी भ्याले. तेव्हापासून शून्यच लिहीत आले.”

“कोणी केली ती बदली? कोण तो अधिकारी?”

“मी,” मोठे डॉक्टर म्हणाले.

ज्या माणसाकडे पाहून तो या कामात आला, तो माणूस आज त्याच्यासमोर मान खाली घालून उभा होता.

“मी नुकताच खुर्चीवर बसलो होतो,” मोठे डॉक्टर सावकाश म्हणाले. “माझ्या कारकिर्दीत डाग नको होता मला. अरे, जिथून रुग्ण कळवले जातात तिथे कोणीतरी उन्हातान्हात दारोदार हिंडत असतं. वडजाईला कौसल्याबाई आहेत. त्यांनी मागितलं तेवढं औषध परवाच रवाना केलंय मी. इथे कोण होतं? शून्य खरंही असतं, नाही असं नाही. म्हणून तर नाकाने खात्री करायला आलो. पण मी कळवणाऱ्याला शिक्षा केली आणि काय झालं? रोग राहिला, कळवणं तेवढं गेलं.”

रुग्णालयात नेलेल्या तिघांपैकी दोन मुले घरी परतली. एक परतले नाही. त्याचे नाव ज्ञानू होते, वय दोन वर्षे. कागदावर ते कधी आजारीच पडले नव्हते.

निरोपसमारंभात गौरव कोणाचाच झाला नाही. मोठ्या डॉक्टरांनी भरल्या सभेत त्या जुन्या बदलीची हकीगत सांगितली, त्या बाईंचे नाव घेऊन क्षमा मागितली आणि खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कोणालाच उमगले नाही. शेवंताबाईंची नोकरी शाबूत राहिली. भीती आम्ही पेरली, पिकाला दोष कसा द्यायचा, असे सर म्हणाले. शिष्याने निलंबनाचा कागद फाडून टाकला आणि वडजाईला दोन ओळींचे पत्र लिहिले: ‘आपल्या सत्तेचाळीस रुग्णांची नोंद पोहोचली. आणखी काय पाठवू ते कळवावे.’

दोन महिन्यांनी नवा आरोग्यप्रमुख एकटाच आंबेदऱ्याला गेला. या वेळी हार नव्हते, वेशीवरची पाटीही कोणीतरी उतरवली होती. गेल्या महिन्यात शेवंताबाईंनी पाच रुग्ण कळवले होते आणि पाचही बरे झाले होते. गल्लीच्या तोंडाशी तो थांबला, आपल्या सरांसारखे नाक वर केले आणि त्याला सणसणीत शिंक आली. मग दुसरी, मग तिसरी. डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

ओट्यावरून म्हातारी खदखदून हसली. तिची नात उंबऱ्यात बसून भाकरीचा तुकडा चघळत होती. “काय डॉक्टर, यवढ्याशा मिरचीनं बेजार झालासा?”

“आजी,” शिंक आवरत तो म्हणाला, “आणखी चार घाला.”