दोन बोटं लांब सांगाडा

सायकली हातानं घडायच्या, तेव्हाची गोष्ट. दाजीबांच्या कारखान्यात दोन सांगाडे टांगलेले होते. एक तांबडा, एक निळा. मापानं अगदी सारखे, फक्त निळा मागून दोन बोटं लांब.

"लांबोडक्या, तुझं माप चुकलंय. दाजीबा तुला कापणार बघ!" तांबडा चिडवायचा. निळ्याला ते खरंच वाटे. तो खुंटीवर अंग चोरून राही.

एकदा भिवा गवळी सायकल घ्यायला आला. दाजीबांनी दोघांना चाकं लावली. भिवानं तांबड्याच्या मागे दुधाच्या किटल्या अडकवल्या आणि पायडल मारलं, तर टाचा किटल्यांवर खणाखण आपटल्या. निळ्यावर मात्र किटल्या दोन बोटं मागे राहिल्या आणि पाय मोकळे फिरले.

"दाजीबा, हीच द्या!"

"आता मला कोण घेणार रे?" तांबडा रडवेला झाला.

"वेड्या, दूध न विकणारी माणसं गावात पुष्कळ आहेत!" म्हणत निळा खुशीत बाहेर पडला.