उतारावरची नदी

डोंगराच्या अंगाखांद्यावर वसलेल्या एका नगरात एकदा एक वृद्ध चित्रकार राहत असे. लहानथोर सगळे त्याला मास्तर म्हणत. ऐन तारुण्यात, बरोबरीचे चित्रकार पुढाऱ्यांच्या तसबिरी रंगवून पोट भरत होते, तेव्हा त्याने उतारावरून स्केटबोर्ड पळवणाऱ्यांच्या फळ्या रंगवायला घेतल्या. त्याही खालच्या अंगाने, जिथे चाके असतात. फळी हवेत उडाली किंवा स्वार आपटला, तरच चित्र नजरेस पडायचे. लोक हसले. पुढे त्याने भिंती रंगवल्या, रस्ते रंगवले, दूरदेशीच्या कलादालनांतून त्याला बोलावणी आली. मग हसणारेच सांगू लागले की, मास्तरांना दहा वर्षे पुढचे दिसते.

त्याचे सर्वांत नावाजलेले काम मात्र गावातच होते. पाण्याच्या जुन्या टाकीच्या भिंतीवर त्याने एक नदी काढली होती. ती भिंतीवरून उतरे आणि पुढच्या सिमेंटच्या उतारावरून थेट चौकापर्यंत जाई. संध्याकाळी स्केटबोर्डवाले तिच्यावरून घसरत आले की, लांबून होड्या चालल्यासारख्या वाटत.

कृत्तिका ही त्याची शिष्या. कलाशाळेचे शिक्षण संपवून ती आली, त्याला तीन वर्षे झाली होती. तिचा हात सफाईदार होता, कष्टांना ती मागे हटत नसे. आपल्या नावावर एकही काम नाही, ही रुखरुख तिला होती. पण ती तिने कधी बोलून दाखवली नव्हती.

त्या वर्षी एका व्यापाऱ्याने चौकात हॉटेल बांधले. प्रवाशांना खिडकीतून नदी दिसावी म्हणून त्याने परवानगी काढून उताराभोवती लोखंडी कठडा घातला आणि फाटकाला कुलूप लावले. स्केटबोर्डवाले दोन-चार दिवस कठड्याशी रेंगाळले आणि मग यायचे बंद झाले.

व्यापारी मास्तरांकडे आला. म्हणाला, "चाकांनी रंग पार खरवडून गेलाय. एकदा नीट करून द्या. उद्‌घाटनाला मोठी माणसं येणार आहेत."

"माझे गुडघे आता उतारावर बसू देत नाहीत," मास्तर म्हणाले. "कृत्तिका करील."

व्यापाऱ्याने तिच्याकडे पाहिले. "काम मनासारखं झालं, तर हॉटेलचा दर्शनी दिवाणखाना रंगवायचं काम तुमच्याकडे. तुमच्या नावानं."

कृत्तिकाने चाळीस दिवस काम केले. एकेक ओरखडा तिने भरला, फिका पडलेला निळा रंगाचे तीन हात देऊन गडद केला. उद्‌घाटनाच्या दिवशी पहाटेच उठून तिने शेवटचा हात दिला आणि ती दूर जाऊन उभी राहिली. नदी नव्यासारखी दिसत होती. रंग वाळायला दुपार झाली असती; समारंभ संध्याकाळी होता.

सकाळी मास्तर काठी टेकत आले. त्यांच्या मागे दहा-बारा स्केटबोर्डवाले होते.

"किल्ली दे," मास्तर म्हणाले.

तिला वाटले, त्यांना जवळून पाहायचे असेल. व्यापाऱ्याने कामासाठी दिलेली फाटकाची किल्ली तिने पुढे केली. मास्तरांनी फाटक उघडले आणि मागे वळून म्हणाले, "चला. वरून सुरुवात करा."

"मास्तर, रंग ओला आहे."

"माहीत आहे."

ती पुढे धावली, तोवर पहिली फळी सुटली होती. शिवणकाम करणारी तसलीम नावाची तरुणी सर्वांत पुढे होती. तिच्यामागून बाकीचे आले. चाळीस दिवसांच्या निळ्यावर चाकांचे चरे उमटत गेले, आणि रंगाने माखलेली चाके निळ्या रेघा ओढत, चौक ओलांडून गल्लोगल्ली पांगली.

कृत्तिका मास्तरांकडे वळली. मग ती म्हणाली, "तुम्हाला हे करायचं होतं, तर चाळीस दिवसांपूर्वी सांगायचं होतं."

"सांगायला हवं होतं," मास्तर म्हणाले. "तेवढा मी तुझा अपराधी आहे. पण सांगितलं असतं, तर तू रंग इतका जीव तोडून लावला नसतास, आणि तो फार लांब गेला नसता." ते कठड्याला टेकले. "मी फळ्यांच्या खाली चित्रं काढायचो, तेव्हा लोक विचारायचे, घासून जाणार तिथं कशाला काढतोस? मला एवढंच कळत होतं की, ही मुलं जिथं जातात तिथं मला कुणी बोलावत नाही. चित्र त्यांच्याबरोबर जाईल. कठडा आल्यापासून ही नदी फक्त खिडकीतून बघणाऱ्यांची झाली होती. आता रागाव, पण एक कर. यातली एक रेघ धर आणि ती संपेपर्यंत चालत जा."

रागातच ती निघाली. समोर दिसली ती रेघ तिने धरली. रेघ चौकातून बाजाराकडे वळली, पिठाच्या गिरणीमागून एका बोळात शिरली. तीन वर्षांत कृत्तिका या बोळात कधी आली नव्हती. रेघ फिकट होत गेली, तुटक झाली आणि एका दाराच्या पायरीशी संपली. दारात तसलीमची फळी उभी होती. शेजारी खाटेवर एक म्हातारा बसला होता. त्याचे पाय चादरीखाली निश्चल होते. तो वाकून पायरीकडे पाहत होता.

"हा रंग तुमचा का, बाई?" त्याने विचारले.

"हो."

"आमची नात रोज सांगते, टाकीपाशी नदी काढलीय म्हणून. दहा वर्षं ऐकतोय. मला काही तिथं जाता येत नाही." तो पुन्हा पायरीकडे वाकला. "असा निळा आहे होय."

 कृत्तिका पायरीवर टेकली. म्हाताऱ्याने आत हाक मारून चहा ठेवायला सांगितले, आणि नदी वळते कुठे, तिच्या काठाला झाडे आहेत का, हे तो तिला विचारू लागला. ती सांगत गेली.

दिवाणखान्याचे काम अर्थातच तिला मिळाले नाही. पुढे तिचे नाव झाले, लांबलांबच्या शहरांतून तिला भिंती रंगवायला बोलावू लागले. बोलावणे आले की पहिले दोन दिवस ती कुंचला हाती घेत नाही. त्या भिंतीवरून कोण कोण जाते आणि कुठे जाते, ते पाहत हिंडते.