बिनचुलीचा लाडू

पाय पांघरुणात घ्या. हातही घ्या. घेतले? मग ऐका.

एका घराखाली एक बीळ होतं. बिळात राहायची टिल्ली. टिल्ली म्हणजे उंदराची पोर. अंगठ्याएवढी. तिचा भाऊ बारकू. अर्ध्या अंगठ्याएवढा.

आणि आई?

थंडी पडली, त्या दिवशी आई बाहेर गेली. गुळाचा खडा घेऊन आली. खडा दारात ठेवला. "आता खोबरं आणते," म्हणाली. पुन्हा गेली. परत आली नाही.

तेव्हापासून बारकू खाईना. दाणा नको. पाव नको. डोळे मिटून पडायचा. म्हणायचा, "आईचा लाडू." बस, एवढंच.

उंदरांकडे चूल नसते. विस्तव नसतो. आईचा लाडू बिनचुलीचाच असायचा. खोबरं दातांनी किसायचं, कुरू कुरू. गूळ तोंडात धरायचा. मऊ करायचा. गिळायचा नाही हं! मग वळायचं, गोल गोल. मग लाडू दारात ठेवायचा.

"आता गं?" टिल्ली विचारायची.

"आता आपलं काम झालं," आई म्हणायची. "आता थंडीचं काम."

गूळ होता. खोबरं नव्हतं. टिल्ली बाहेर निघाली.

अंगणात त्या घरातली फिलूबाय बसली होती. नाताळासाठी खोबरं किसत होती. खस् खस् खस्. एक तुकडा पडला. टुप्! फिलूबायने तुकडा पाहिला. टिल्लीला पाहिलं.

"ने गं बाय, ने," ती म्हणाली. "नाताळ आहे."

टिल्लीने तुकडा तोंडात धरला. पळाली. तुरू तुरू तुरू. बीळ दिसलं. तिला राहवेना. "बारकू, खोबरं!" तिने हाक मारली.

तोंड उघडलं. तुकडा पडला. झप्! कावळ्याने उचलला.

"कावळेदादा, कावळेदादा, खोबरं सोड. लाडू होईना. बारकू खाईना!"

"काव!" कावळ्याने तुकडा पायाखाली दाबला. "माझं घरटं फाटलंय. गार वारा शिरतो. तुझं तुला गं, माझं मला. काथ्या आण, मग सोडतो."

टिल्ली निघाली. तुरू तुरू तुरू. नाक गार.

माड उभा होता. उंच, उंच.

"माडबाबा, माडबाबा, काथ्या दे. कावळा सोडेना. लाडू होईना. बारकू खाईना!"

माड म्हणाला, "कोण बोलतंय खाली? माझी मुळं सुकली, ते कुणी बघतं का? तुझं तुला गं, माझं मला. पाणी आण, मग देतो."

टिल्ली निघाली. तुरू तुरू तुरू. नाक गार. कान गार.

पाट पडला होता. कोरडा. पाटातून वाडीला पाणी जायचं. आता नुसता वाळलेला चिखल.

"पाटदादा, पाटदादा, वाहा. माड देईना. कावळा सोडेना. लाडू होईना. बारकू खाईना!"

"वाहू कसा?" पाट पुटपुटला. "खेकड्याने मला भोक पाडलं. सगळं पाणी गळलं. तुझं तुला गं, माझं मला. भोक बुजव, मग वाहतो."

टिल्ली निघाली. तुरू तुरू तुरू. नाक गार. कान गार. शेपटी गार.

भोकात खेकडा होता. आत, आत, अंधारात.

"खेकडेकाका, खेकडेकाका, भोक बुजव. पाट वाहेना. माड देईना. कावळा सोडेना. लाडू होईना. बारकू खाईना!"

"हळू बोल!" खेकडा कुजबुजला. "पलीकडच्या दारात बगळा उभा आहे. बाहेर आलो की गट्टम! काल माझा भाऊ गेला. तुझं तुला गं, माझं मला. बगळा हटव, मग बुजवतो."

टिल्ली निघाली. तुरू तुरू तुरू. नाक गार. कान गार. शेपटी गार. पाय गार.

बगळा उभा होता. एका पायावर. चोच लांब. सुरीसारखी.

"बगळेमामा, बगळेमामा, हट. खेकडा निघेना. पाट वाहेना. माड देईना. कावळा सोडेना. लाडू होईना. बारकू खाईना!"

बगळ्याने मान वाकवली. एक डोळा टिल्लीवर ठेवला.

"अरे वा. घास स्वतः चालत आला. आणि घास बोलतो पण!"

टिल्लीने शेपटी पोटाशी घेतली. पण ती पळाली नाही.

"तुला एकटीला खाऊन पोट भरणार नाही," बगळा म्हणाला. "तळ्यावर मासे आहेत. पण धुकं बघ केवढं. वाट दिसेना. तुझं तुला गं, माझं मला. धुकं उठव, मग हटतो. नाहीतर तूच."

टिल्ली निघाली. आता तुरू तुरू नाही. हळू. हळू. नाक गार. कान गार. शेपटी गार. पाय गार. पोट गार.

पुढे धुकं. मागे धुकं.

"धुकेबाबा, धुकेबाबा, ऊठ. बगळा हटेना. खेकडा निघेना. पाट वाहेना. माड देईना. कावळा सोडेना. लाडू होईना. बारकू खाईना!"

"श्श," धुकं म्हणालं. "मी आपणहून बसत नाही. आपणहून उठत नाही. मला थंडीने बसवलंय. ती बघ विहिरीवर. तिला विचार."

विहिरीच्या पायरीवर थंडी बसली होती. तिला ना रंग, ना चेहरा. नुसती गार.

टिल्ली पायरीपाशी आली. पायरीवर एक मऊ पान होतं. पानाला आईचा वास होता.

टिल्लीने पानाला नाक लावलं.

मग म्हणाली, "आई इथे आली होती?"

"आली होती," थंडी म्हणाली. "दमली होती. इथे बसली. मी तिच्याजवळ बसले. मी जिच्याजवळ बसते, ती गार होते. मला दुसरं काही येत नाही."

"तिला परत दे."

"मला परत देता येत नाही."

टिल्ली रडली. हुं हुं हुं. आसवंसुद्धा गार झाली. मग तिला बारकू आठवला. अर्ध्या अंगठ्याएवढा. डोळे मिटलेला.

ती उभी राहिली. म्हणाली,

"थंडीबाई, थंडीबाई, चल. धुकं उठेना. बगळा हटेना. खेकडा निघेना. पाट वाहेना. माड देईना. कावळा सोडेना. लाडू होईना. बारकू खाईना!"

थंडी म्हणाली, "मला सगळे हेच म्हणतात. जा. इथून जा. शेकोट्या पेटवतात. दारं लावतात. तूही म्हण."

"जा नाही म्हटलं," टिल्ली म्हणाली. "चल म्हटलं. आमच्याकडे चल."

"तुमच्याकडे? कशाला?"

"आमचा लाडू बिनचुलीचा. मी वळणार. पण घट्ट कोण करणार? आई म्हणायची, ते थंडीचं काम. पण दारातच बसायचं. आत यायचं नाही. आत बारकू आहे."

थंडीने टिल्लीकडे पाहिलं.

"मला कुणी कधी बोलावलं नव्हतं," थंडी म्हणाली. आणि ती उठली.

थंडी उठली, धुकं उठलं. सूं!
धुकं उठलं, बगळा हटला. फड् फड् फड्!
बगळा हटला, खेकडा निघाला. तिरका तिरका तिरका! भोक बुजवलं. थप्!
भोक बुजलं, पाट वाहिला. झुळू झुळू झुळू!
पाट वाहिला, माड प्यायला. गट् गट् गट्! माडाने काथ्या दिला. फस्स!
काथ्या मिळाला, कावळ्याने खोबरं सोडलं. टुप्!

टिल्लीने तुकडा तोंडात धरला. बीळ दिसलं. तिला हाक मारावीशी वाटली. खूप वाटली.

पण या वेळी तिने तोंड उघडलं नाही.

खोबरं किसलं, कुरू कुरू. गुळाचा खडा तोंडात धरला. पोटात भूक. जिभेवर गूळ. गोड, गोड! टिल्लीने गिळला का? नाही गिळला. मऊ केला. मग वळलं. गोल गोल, गोल गोल.

तीन लाडू झाले. एक बारकूचा. एक टिल्लीचा. एक सवयीने.

टिल्लीने लाडू दारात ठेवले. थंडी आली. दारात बसली. फुंकर घातली. फू! लाडू घट्ट झाले. टणक. टक् टक्.

थंडीने आत डोकावून पाहिलं.

"आत नाही हं," टिल्ली म्हणाली.

"नाही गं," थंडी म्हणाली. "ठरलंय ना."

टिल्लीने दोन लाडू आत नेले. तिसरा दारातच राहू दिला.

एक लाडू बारकूच्या नाकाशी धरला. नाक हललं. एक डोळा उघडला. दुसरा उघडला.

"आईचा लाडू?"

"आईसारखा. मी केला."

बारकूने एक घास घेतला. कुरुम. थांबला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई?"

"आई येणार नाही, बारकू," टिल्ली म्हणाली. "मी आहे."

बारकू रडला. रडत रडत दुसरा घास घेतला. कुरुम. मग तिसरा. कुरुम कुरुम. सगळा लाडू संपला. मग तो टिल्लीच्या कुशीत शिरला.

पोट ऊन. पाय ऊन. शेपटी ऊन. कान ऊन. नाक ऊन.

बाहेर दारात थंडी बसली होती. तिच्याजवळ एक लाडू होता. तिने तो खाल्ला नाही. नुसती त्याच्याजवळ बसून राहिली.

तुमचे पाय पांघरुणात आहेत ना? असू द्या. थंडी दारात आहे. तिचं काम चाललंय. आपण आत आहोत.