थोरलीचं लांब नाव

संगणकाच्या काचेमागे एक राज्य होतं. त्या राज्यात पुस्तकांना वजन नव्हतं, फक्त नाव होतं. वाचणारी माणसं वरून हाक मारत, आणि ज्याच्या नावात तो शब्द असेल ते पुस्तक ओ देई. नावं मात्र ज्याला जशी सुचतील तशी ठेवलेली. कुणी आडनाव पुढे लावी, कुणी ऱ्हस्व-दीर्घाचा मुडदा पाडी, आणि एका पुस्तकाचं नाव तर नुसतंच ‘हे नंतर वाच’ असं होतं.

एका गल्लीत दोघी बहिणी राहत. धाकटीचं नाव ‘जात्यावरच्या ओव्या’. थोरलीचं ‘जात्यावरच्या ओव्या, आक्काच्या टिपा, खरी शेवटची’. ओव्या दोघींच्या त्याच. पण थोरलीच्या समासात आक्का नावाच्या बाईने मरण्याआधी काय काय लिहून ठेवलं होतं. ‘ही ओवी माझी आई वेगळी म्हणायची.’ तिसऱ्या ओवीपाशी, ‘इथे मला रडू येतं.’ आक्काची लेक उर्मिला रोज सकाळी नुसतं ‘आक्का’ म्हणून हाक मारी, की थोरली पळत सुटे. धाकटीला कुणी विचारत नसे. तिला वाईट वाटे, खोटं कशाला बोला!

मग राज्यात नीटस नावाचा कारभारी आला. माणूस सरळ, पण हट्टी. पुस्तकाचं नाव तेवढं ठेवायचं आणि त्याला मागून जोडलेल्या शेपट्या छाटायच्या, हा त्याचा नियम.

“आमच्या ताईची शेपटी बघा की केवढी,” धाकटी हसत म्हणाली. तिला फक्त ताईची जिरवायची होती.

नीटसने शेपटी छाटली. दोघींचं नाव एक झालं, आणि एका गल्लीत एका नावाचं एकच पुस्तक राहायचं, हा त्या राज्याचा जुना कायदा. “दोघी सारख्याच तर आहेत,” असं म्हणून नीटसने थोरलीच्या जागी धाकटीला उभं केलं. थोरली पुसली गेली, तिला ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

सकाळी हाक आली. “आक्का.”

कुणीच पळत सुटलं नाही.

“आक्का?”

धाकटीचा जीव तुटत होता. पण त्या नावाला ओ देणं तिच्या हाती नव्हतं. शेवटी उर्मिला घाबऱ्या आवाजात म्हणाली, “ओव्या?”

धाकटी गेली. उर्मिलेने तिला उघडलं, तिसऱ्या ओवीपाशी थांबली आणि कोऱ्या समासावरून बोट फिरवत राहिली. मग तिने पान उलटलं. मग पुढचं. “असेल गं, इथेच असेल,” ती स्वतःलाच समजावत होती. आणि धाकटी, आपलं नीटनेटकं नाव लावून, तिला एकेक पान उघडून देत राहिली.