ओली मोरी

वाळवंटातल्या त्या शहरात तीन वर्षं पाऊस फिरकला नव्हता. अशात दिवाण जोरावरसिंहाने दवंडी पिटली, "रयतेनं पाणी उधळलं म्हणून तलाव आटला. उद्यापासून घरटी अर्धीच घागर मिळेल."

धापू कुंभारीण तडक दरबारात गेली. "महाराज, पाणी ज्यानं सांडलं असेल त्याची मोरी ओली असणार. चला, घरोघरच्या मोऱ्या बघा."

राजा हसला, पण निघाला. गल्लोगल्लीच्या मोऱ्या कोरड्याठाक होत्या. एकीत तर शेळी व्याली होती. वाहत होती ती एकच मोरी, राजवाड्यामागची, हमामाचं आणि कारंज्याचं पाणी नेणारी.

दिवाणाची मान खाली गेली. राजा मात्र खूश होऊन म्हणाला, "शाबास बाई, डोळे उघडलेस! दिवाणजी, ही मोरी आजच माझ्या बागेत वळवा. यापुढे थेंबही वाया जायला नको."

धापूच्या तोंडचं पाणी पळालं. फुटक्या माठांत वाळू-कोळसा भरून, त्यातून हेच पाणी गाळून तिची आळी आजवर जगली होती. ती पाया पडायला, सगळं सांगायला धावली. पण तोवर राजाची पालखी निघून गेली होती.

तिसऱ्या दिवशी तिच्या चातुर्याचा मान म्हणून दिवाण शाल घेऊन दारी आला. ओसरीवर माठांतली वाळू वाळून गेली होती. धापूने शाल बोटांनी चाचपली आणि परत केली.

"दिवाणजी, ही भिजवून आणा. पिळून घोटभर तरी निघेल."