कुलूप आणि सांडणी

तापीकाठच्या सारंगवाडीत, गावाबाहेरच्या लिंबाखाली मोतीगीर महाराज एक हिवाळा राहिले होते. त्या हिवाळ्यात जीवीबाई नावाची, उंट पाळणाऱ्या रबारी जमातीतली विधवा आपले उंट घेऊन तिथे उतरली. उंटांना चरायला सोडण्याआधी ती रोज महाराजांच्या पायांशी डोकं टेकवायची.

तिचे उंट दिवसभर मोकळे चरत. पिल्लं तेवढी तळावर ठेवायची. सांजेला हाक दिली की आया पान्ह्याच्या ओढीने परत!

गावच्या उखाजी पाटलांना याचं हसू यायचं. "ए बाई, दावं नाही, खुंटा नाही, ही कसली गं राखण?"

"पाटीलबाबा, बांधला तर उंट चारा तोंडात धरत नाही. या झाडाचे दोन घास, त्या झाडाचे दोन, असं त्याचं जेवण."

"मग काय, पाहुणाच म्हणायचा!" पारावरची माणसं खदखदली.

एके दिवशी पाटलांच्या बांधावर जीवीबाईची एक सांडणी, म्हणजे उंटीण, बाभळीचा पाला ओरपताना दिसली. गळ्यात दोर नाही, म्हणजे मालक नाही, असं म्हणून पाटलांनी तिला दगडी कोंडवाड्यात घातलं आणि कुलपाची किल्ली कमरेला खोचली. तिचं कोवळं पिल्लू तळावर ओरडून ओरडून निपचित पडलं. दूध प्यायला लावलं तर दुसऱ्या सांडणीने त्याला लाथेने दूर केलं. जीवीबाई रडत महाराजांकडे आली, "बापजी, माझं लेकरू जातंय हो!"

महाराज स्वतः पाटलांच्या दारी गेले. पाटील म्हणाले, "महाराज, तुम्हाला दूधभाकरी देतो. पण त्या बाईसाठी कुलूप निघायचं नाही. तुमच्या देवाला सांगा, तो आणेल!"

"बरं, त्यालाच सांगतो," महाराज हसून म्हणाले.

दिवेलागण झाली. महाराजांनी पिल्लाची मान मांडीवर घेतली. जीवीबाई हाक द्यायची सोडून पिल्लाच्या पाठीवर हात फिरवत रडत होती. तेव्हा महाराजांनीच साद घातली, "होऽऽ माय, ये गं!"

आणि काय सांगू! झाडीतून तीच कोंडलेली सांडणी धावत आली. पान्हा नुसता टपटपत होता. पिल्लाने मान उचलली, ते धडपडत उठलं आणि आचळाला लुचलं.

तेवढ्यात पाटील अनवाणी धावत आले. साद ऐकून ते कोंडवाड्याकडे गेले होते. कुलूप जसंच्या तसं, भिंत धड, आत मात्र कुणी नाही! किल्ली तर अजून त्यांच्याच मुठीत होती. त्यांनी महाराजांपुढे लोटांगण घातलं.

महाराज म्हणाले, "उखाजी, मी काय केलं? लेकरू रडत होतं. देवाला तुझं कुलूप दिसलंच नाही. माफी हवी तर या बाईकडे माग."

पाटलांनी पागोटं काढून जीवीबाईच्या पायांशी ठेवलं. "माय, चुकलो—"

"हळू बोला, पाटीलबाबा," ती कुजबुजली, "पितंय ते."

पिल्लाचं पोट भरेपर्यंत पाटील तसेच मान खाली घालून बसून राहिले.