पुटपुटणे : अर्थ आणि उपयोग

“पण बुवा, पुटपुटणे म्हणजे नेमकं काय?”

त्र्यंबकशास्त्री नवाथ्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. बावीस वर्षं खपून त्यांनी मराठीचा कोश लिहिला होता आणि तो आता ‘प’वर येऊन अडला होता. त्यांनी अर्थ दिला होता, ‘अस्पष्ट बोलणे’. छापखान्यात खिळे जुळवणारा म्हणाला, “शास्त्रीबुवा, कुजबुजण्यालाही तुम्ही हेच लिहिलंय.” शास्त्र्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. छपाई थांबली.

माळावरच्या धोंडीबुवांकडे जा, असं कुणीतरी सुचवलं. बुवांना अक्षरओळखही नव्हती. शास्त्री आले, पण अगदी जिवावर येऊन आले.

बुवा वाटसरूंच्या जेवणाची चटणी वाटत होते. त्यांनी लसणाची टोपली पुढं सरकवली.

“सोला.”

“मी? लसूण?”

“व्हय.”

शास्त्र्यांच्या घरात लसणाचं नावसुद्धा कुणी घेत नसे. पण अडलेला माणूस काय करणार? सोलायला बसले. बोटं चिकट झाली, नखं चुरचुरू लागली. एकदाची टोपली संपली.

“आता सांगा. कुजबुजण्यात आणि पुटपुटण्यात फरक काय?”

“कुजबुजाया दुसरा मानूस लागतो.”

“आणि पुटपुटायला?”

“तुम्ही कदी पुटपुटला न्हाई?”

“मी?” शास्त्री ताठ झाले. “मला जे बोलायचं ते मी खणखणीत, समोरच्याच्या तोंडावर बोलतो.”

“असं…” म्हणत बुवांनी दुसरी टोपली पुढं केली. पहिलीच्या दुप्पट होती.

शास्त्र्यांनी टोपलीकडं पाहिलं. बुवांकडं पाहिलं. मग मान खाली घालून सोलू लागले. ओठ मात्र काही केल्या थांबेनात.

“काय म्हनला?”

शास्त्री दचकले. “कुठं काय? काही नाही.”

“कायतरी म्हनला.”

“छे छे! काही नाही हो, बुवा!”

बुवांनी पाट्यावर मीठ टाकलं.

“ह्यो झाला अर्थ. ल्हून घ्या.”

शास्त्री कानापर्यंत लाल झाले… मग त्यांना हसू फुटलं. बावीस वर्षांत इतकं मोकळं ते हसले नव्हते. लसणाच्या हातांनीच त्यांनी कागद काढला, लेखणी काढली आणि सवयीनं विचारून बसले, “आणि वाक्यात उपयोग?”

“त्यो मघाशीच केला की तुम्ही. त्यात माजा बाप काढला, तेवढा गाळून छापा.”